वरची मूठ

२० जून १९८३

ही वही माझी नाही. गेल्या वर्षीच्या कोणा पोराची रसायनशास्त्राची प्रयोगवही आहे, अर्धी कोरी. शाळेतलं कपाट आवरताना सापडली. बाई म्हणाल्या, "तुळशीदास, रद्दीत टाका, नाहीतर तुमच्याकडेच ठेवा." मी ठेवली. प्रत्येक पानावर छापलंय: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. माझा उद्देश एवढाच, की घरी बोलायला कोणी नाही.

आजपासून मी दादरच्या एका शाळेत प्रयोगशाळेचा शिपाई. ग्रेगरी नावाचा जुना माणूस शिडीवरून पडून मांडीचं हाड मोडून घरी बसलाय, तो येईपर्यंत मी. विज्ञान शिकवणाऱ्या मृणालिनीबाई माटुंग्याहून येतात, बोलणं एकदम शुद्ध, मला 'तुम्ही' म्हणतात. पोरं 'मामा' म्हणतात. इतकी वर्षं गिरणीच्या रंगखात्यात हौदभर रंग ढवळले, आता बोटाएवढ्या काचेच्या नळ्या विसळतो. असो. हे काही संप फोडणं नव्हे, हे मी कमिटीवाल्यांना आधीच सांगून आलोय.

संप सुरू झाला तेव्हा वाटलं होतं, महिन्या-दोन महिन्यांचं प्रकरण. मग गेल्या वर्षी मे महिन्यात बायकोला, शेवंताला, कुडाळकडे तिच्या भावाच्या घरी पाठवली. आम्ही दोघंच, मूलबाळ नाही. एस्टीत बसवताना मी म्हटलं, "गिरणी चालू झाली की बोलावतो." ती म्हणाली, "बरं."

आता इकडे-तिकडे गिरण्या अर्धवट चालू झाल्यात म्हणतात. आमचं खातं बंदच आहे. आणि मी दिलेल्या शब्दाला जागणारा माणूस. बापाने दुसरं काही ठेवलंच नाही मला.

२८ जून

आज सकाळी पुन्हा फोडणीचा भात. कालही तोच. परवाही तोच. फोडणीच्या भाताचा आता वास नको झालाय.

आमच्याकडे भात लावताना घरातल्या माणसांचं माप घ्यायचं आणि वर एक मूठ टाकायची. अवचित कोण दारात आला तर त्याची. शेवंताने ही वरची मूठ एकदाही चुकवली नाही, संपातसुद्धा. मी एकटा झाल्यावर रांधायला शिकलो ते तिच्याच टोपात, तिच्याच मापाने. हाताला दुसरं माप माहीत नाही. मग रोज उरतो.

शेजारच्या गंगुबाईंना सगळं दिसतं. गॅलरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. "काय रे तुळशीदासा, एकट्याक इतको भात? कोण येवचा आसा?"

मी म्हटलं, "टोप मोठा आहे, म्हातारे."

"टोपाक कित्याक दोष देतंस?" म्हणाल्या आणि हसल्या. लोकांना हसायला काय, कारण लागत नाही.

६ जुलै

आज बाईंनी मिश्रण शिकवलं. लोखंडाचा कीस आणि पिवळी गंधकाची पूड एका बशीत कालवायची. कालवायचं काम माझं. कालवण्यात मला कोणी हरवायचं नाही. असं एकजीव केलं की पोरांना लोखंड दिसेना. मग बाईंनी कागदाखालून चुंबक फिरवला आणि सगळा कीस खर्रकन एका बाजूला. गंधक तिथल्या तिथे.

"कितीही ढवळलं तरी हे मिश्रणच," बाई म्हणाल्या. "दोघं शेजारी आहेत, जोडलेले नाहीत. म्हणून सहज वेगळे होतात."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला तो प्रकार आवडला नाही. इतकी वर्षं एका बशीत राहायचं आणि कोणी खालून जरा चुंबक फिरवला की चाललं कोकणात? बशी जरा जोरातच धुतली. बाईंनी बघितलं.

१९ जुलै

आनंदा आला होता. आनंदा आमच्या गावचा, ट्रकवर ड्रायव्हर. नारळ-काजू घेऊन शिवडीच्या गोदामात येतो, तेव्हा वाट वाकडी करून लालबागेत माझ्या चाळीत डोकावतो. शेवंताचा निरोप त्याच्याच तोंडून. तिला लिहिता-वाचता येत नाही. मी पत्र पाठवलं तर तिचा भाऊ मोठ्याने वाचून दाखवणार, आणि त्या मिशाळ माणसाने वाचून दाखवावं असं मी काय लिहू?

"वहिनीने विचारलंय," आनंदा म्हणाला, "नळाला पाणी येतं का?"

मला हसू आलं. दीडशे कोसांवरून बाईला नळाची चिंता. म्हटलं, "सांग, येतं. पहाटे येतं, मी भरतो, दोन्ही हंडे भरून वर बादली. माझी अजिबात काळजी करू नको म्हणावं."

"एवढंच?"

"मग काय नळावर पोवाडा गाऊ?"

तो गेला. नंतर वाटलं, बरी आहेस का, एवढं तरी विचारायला हवं होतं. पुढच्या वेळी विचारीन.

१२ ऑगस्ट

आज फार मजेचं कळलं. अणूसुद्धा बंद करतात.

बाई शिकवत होत्या, मी मागे कपाटाशी बर्नर पुसत होतो. प्रत्येक अणूला म्हणे हात असतात असं समजायचं. हायड्रोजनला एक, ऑक्सिजनला दोन. दोन अणूंनी हातात हात घातले की त्यांच्यात रासायनिक बंद होतो. मग ते सुटे राहत नाहीत, नवीनच पदार्थ होतो. पाणी म्हणजे तेच. जळणारा एक, जाळणारा दुसरा, आणि दोघांचं होतं पाणी. मी ऐकतच राहिलो.

शेवटी म्हणाल्या, "हा बंद मोडायला ऊर्जा लागते." बाई, हे आम्हाला सांगता? गिरणगावात शेंबडं पोर पण सांगेल. आमचा बंद मोडायला काय काय लावलं, ते बघायला यायचं होतं.

संध्याकाळी नाक्यावर आमच्या खात्यातल्या दोघांना सांगितलं, की विज्ञानातही बंद असतो आणि तो हात धरल्यावरच होतो. त्यांना पटलं. एकजण म्हणाला, "बघ, आपण बरोबरच होतो." मग एकेकाची नावं निघाली. हात धरलेले पुष्कळजण आता कुठे आहेत, कोणी सुरतेला, कोणी भिवंडीला, कोणी गावी.

९ सप्टेंबर

उद्या गणपती. चाळीतल्या अर्ध्या खोल्यांना कुलूप, चाकरमानी गावी गेले. मी नाही गेलो. सासुरवाडीत बेकार जावई म्हणून आरतीला टाळ कुटत उभा राहू? त्यापेक्षा इथला गणपती बरा, तो काही विचारत नाही.

आनंदा येऊन गेला. शेवंताने उकड्या तांदळाची पिशवी दिली. तोंड तिच्या जुन्या लुगड्याच्या काठाने बांधलेलं. हिरवा काठ, मला तो काठ माहीत आहे. निरोप: "माझा पाटा कोणाला दिला का?"

म्हटलं, "दिला नाही. गंगुबाई मसाला वाटायला नेतात आणि आणून ठेवतात. सांग, पाटा पडून नाही, वापरात आहे."

या वेळी लक्षात ठेवून विचारलं, "बरी आहे ना?" आनंदा म्हणाला, "बरी आहे. जरा वाळलीये." आणि ट्रक लागलाय म्हणून पळाला.

पिशवी सोडली नाही अजून. सोडली की तो काठ सुटा होईल. आठवण येते. लिहून टाकलं. या वहीत कोण बघतंय.

२७ सप्टेंबर

आनंदाकडून नवीनच बातमी. शेवंताचा भाऊ घराला लागून पडवी बांधतोय, तिच्यासाठी. तिकडे काजूच्या कारखान्यात तिला कायमचं लावून घेतील असंही चाललंय. निरोप असा: "पडवीला दार कुठल्या बाजूला ठेवू?"

मला बरं वाटलं. एवढं मोठं बांधकाम, पण नवऱ्याला विचारल्याशिवाय दार ठेवत नाही. नीट विचार करून सांगितलं, "पूर्वेला. पश्चिमेची झड फार, दार कुजेल. आणि उंबरा उंच ठेव म्हणावं, साप-किरडू येतं."

आनंदा माझ्याकडे बघत उभा राहिला. "दादा, हेच सांगू?"

"हेच सांग. विसरू नको, पूर्व."

गंगुबाईंनी भिंतीपलीकडून सगळं ऐकलं. बाहेर येऊन म्हणाल्या, "पूर्वेक? बरां केलंस. आता खिडकी खंय ती पण सांग. भुतूर वारो नको काय?"

खरंच की. खिडकीचं सांगायचं राहूनच गेलं.

५ ऑक्टोबर

आज तोंड दाखवायला जागा राहिली नाही. क्रमाने लिहितो.

बाईंना माझं अक्षर आवडतं. संपात आमच्या गेटवरचे सगळे फलक मीच रंगवायचो, मोठं, गोल, लांबून वाचता येईल असं. आज वर्ग तपासायला कोण साहेब येणार म्हणून बाई म्हणाल्या, "तुळशीदास, फळ्यावर धड्याचं नाव तुम्ही लिहा. रासायनिक बंध."

मी लिहिलं. रंगीत खडू घेतला, अक्षरांना सावली दिली, खाली दोन रेघा मारल्या. रासायनिक बंद.

आधी एक पोरगी हसली. मग मागच्या बाकावरून कोणीतरी मूठ वर करून ओरडलं, "बंद! बंद!" आणि सगळा वर्ग खिदळायला लागला. मला कळेना काय झालं. बाई हसल्या नाहीत. पुढे आल्या, फडक्याने माझा द पुसला आणि तिथे ध काढला. हळूच म्हणाल्या, "बंध. बांधलेला असतो तो. तुमचा काही दोष नाही. बोलताना सारखंच ऐकू येतं, आणि लालबाग-परळात दुसरा कुठला शब्द ऐकू येणार?"

म्हणजे महिना-दोन महिने मी सगळीकडे चुकीचं सांगत फिरलो.

त्यात पुढे आणखी एक. आज तेच लोखंड आणि गंधक तापवायचे होते. वजन करायचं काम माझं, सात भाग कीस, चार भाग गंधक. मी काट्यावर बरोबर तोललं आणि वर चिमूटभर कीस टाकला. रंगखात्यात आम्ही असंच करायचो, भांड्याला लागून थोडं जातंच. घरीही तेच चालतं. हाताची सवय, विचारलं कोणी?

बाईंनी नळी बर्नरवर धरली. नळीच्या बुडाशी लाल ठिपका दिसला. लगेच बर्नर बाजूला काढला, तरी तो लाल वर वर चढत गेला, विस्तव नसताना. पोरं श्वास रोखून बसली. मीही. बाई म्हणाल्या, "नुसतं शेजारी ठेवून काही होत नाही. वर्षभर एका बशीत ठेवा, लोखंड लोखंडच राहील आणि गंधक गंधकच. पहिली उष्णता द्यावी लागते. कोणीतरी द्यावीच लागते. मग पुढचं ते स्वतःच करतात."

नळी निवाल्यावर फोडली. आत काळा खडा. "हे संयुग. आता चुंबक याला ओढणार नाही," म्हणत त्यांनी चुंबक लावला, आणि खड्याचे चार कण टपकन जाऊन चिकटले. साहेबांच्या समोर.

मी मान खाली घातली. म्हटलं, "बाई, माझी चूक. वर एक चिमूट जास्त पडली."

बाई रागावल्या नाहीत, उलट पोरांकडे वळल्या. "बघा. इथे लोखंडाच्या प्रत्येक अणूला गंधकाचा एक अणू लागतो. ज्यांना मिळाला, त्यांचं आता दुसरंच काहीतरी झालं, ते ओढले जात नाहीत. ज्यांना जोडीदार मिळाला नाही ते उरले. चुंबक फक्त त्या उरलेल्यांना ओढतो."

साहेब खूश होऊन गेले. मी मात्र संध्याकाळपर्यंत नळ्याच विसळत राहिलो.

६ ऑक्टोबर

दादरहून घरी चालत आलो. आमच्या गिरणीच्या गेटापाशी थांबलो. कुलूप, आणि बाजूला भिंतीवर माझ्याच अक्षरातलं 'बंद', रंग उडालेला पण वाचता येतो. माझं अक्षर लांबून वाचता येतं ना.

तिथे उभ्या उभ्या डोक्यात उजेड पडला.

नळाला पाणी येतं का? पाटा कोणाला दिला का? दार कुठल्या बाजूला ठेवू?

अरे गाढवा! तिला नळाचं काय पडलंय? ती विचारत होती, घरात माझी गरज आहे का. मी सांगितलं, अजिबात नाही, बादलीसुद्धा भरतो. तिने विचारलं, माझी जागा ठेवलीये का. मी सांगितलं, गंगुबाई वापरतात. शेवटी बिचारीने स्वच्छ विचारलं, मी इथेच राहू का. आणि मी शहाण्याने दिशा सांगितली. वर उंबरा उंच ठेव म्हटलं! तीनदा तिने काडी ओढली आणि तीनदा मी फुंकर मारली.

'गिरणी चालू झाली की बोलावतो.' शब्द, शब्द म्हणून जे कवटाळून बसलो, तो नुसता बंदच होता. गिरणी माझ्या हातात नव्हती. बोलावणं होतं.

फार आठवण येते. सकाळी तिचा खोकला ऐकू येत नाही, म्हणून मला जाग लवकर येते. हे कोणाला सांगणार.

८ ऑक्टोबर

शाळा सुटल्याबरोबर शिवडी गाठली. गोदामात विचारत फिरलो. आनंदा ट्रकखाली झोपला होता, पाय ओढून उठवला.

म्हटलं, "शेवंताला सांग, पडवीला दार ठेवू नको."

आनंदा डोळे चोळत म्हणाला, "दादा, पडवी झाली. दार पण बसलं. पूर्वेला, तू सांगितलंस तसंच. उंबरा पण उंच आहे."

मी तिथेच एका पोत्यावर बसलो. तो म्हणाला, "चहा सांगू?"

मी म्हटलं, "चहा नको. निरोप घे. सांग तिला, दार चांगलं झालं. आता त्याच दाराने बाहेर पड आणि इकडे ये. गिरणी बंद आहे, बंदच राहील बहुतेक. तरी ये. पाणी येतं, पण हंडे भरूनही घरात कोणी नाही असं वाटतं. पाटा तिचाच आहे. सगळं सांग."

आनंदा म्हणाला, "एवढं माझ्या ध्यानात नाही राहायचं रे."

"मग 'ये' एवढंच सांग."

"हां," तो म्हणाला, "हे ध्यानात राहील."

२१ ऑक्टोबर

दसरा झाला. उत्तर नव्हतं. आज आलं.

आनंदा दारातच उभा राहिला, आत येईना. मी म्हटलं, बोल बाबा, काय असेल ते. म्हणाला, "सांगितलं मी तिला. भाऊ म्हणाला, बेकार माणसाकडे काय जातेस, इथे काम आहे, दार आहे. मी निघालो तेव्हा माझ्यामागे बांधापर्यंत आली. म्हणाली, त्यांना विचार, भात किती लावतात?"

मागचा मी असतो तर पावशेर-अर्धापाव सांगत बसलो असतो.

भिंतीकडे बघत म्हटलं, "सांग, दोघांचा लावतो. वर एक मूठ. रोज उरतो."

आनंदाने परत विचारलं नाही की एवढंच का. नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. भिंतीपलीकडे गंगुबाईंनी नाक शिंकरलं.

३१ ऑक्टोबर

ग्रेगरी काठी टेकत शाळेत आला. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो कामावर. म्हणजे माझं हेही गेलं. त्याला माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार. कपाटं बघून म्हणाला, "एकदम चकाचक ठेवलंय रे तू." मग स्टुलावर बसून स्वतःच बोलायला लागला, "एवढे महिने मी पाय वर करून पडलो. माझी बायको विल्मा रोज शिव्या द्यायची. ती गप्प बसली असती ना, तर मी मेलोच असतो."

घरी येऊन पाल चुकचुकावी तशी शंका आली. आता तर शिपाईही नाही मी. आनंदाला गाठून 'जरा थांब' सांगावं का? गंगुबाईंना म्हटलं. त्यांनी हातातली केरसुणीच उगारली. "मेल्या, आता जर का 'थांब' म्हणान सांगलंस, तर मीच तुका गावाक धाडतलंय."

नाही सांगितलं.

५ नोव्हेंबर

दिवाळी. पिशवीचा काठ आज सोडला, तिचा तांदूळ लावला. दोघांचा, वर मूठ. उरला.

बाईंनी जाताना विचारलं होतं, वहीत काय लिहिता? म्हटलं, निरीक्षण. अनुमान अजून नाही.

१३ नोव्हेंबर

आज सकाळी दोघांनी चहाबरोबर पाव खाल्ला. फोडणीला भातच नव्हता. काल उरला नाही.